छत्तीस राज्ये, एक तिजोरी

प्रश्न स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. नायजेरियात भारतासारखीच भाषाधर्मांची सरमिसळ आहे, संघराज्याची घटना आहे, ३६ राज्ये आहेत. मग 'खरे संघराज्य द्या' ही ओरड तिथे अजून का थांबत नाही? आणि आपल्यासारखी भाषावार प्रांतरचना त्यांनी केली असती तर प्रश्न मिटला असता का?

मी राज्यशास्त्राचा माणूस नाही. महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर २०१३ ते २०१७ अशी चार वर्षे नायजेरियातल्या एका राज्य सरकारकडे अर्थसंकल्पाच्या कामावर सल्लागार होतो. राज्याचे नाव सांगत नाही. ज्यांनी मला जेऊ घातले त्यांची उणीदुणी चव्हाट्यावर आणायची इच्छा नाही. माझे उत्तर सिद्धांतापेक्षा कॅशबुकातून जास्त येणार, एवढे धरून वाचा.

रुजू झालो त्या महिन्यात एकच वाक्य रोज कानावर पडायचे: "अ‍ॅलोकेशन पडलं का?" शिपाई विचारायचा, लेखाधिकारी विचारायचे, सेक्रेटरिएटच्या फाटकाबाहेर भाजलेली कणसे विकणारी बाईसुद्धा विचारायची, कारण पगार झाल्याशिवाय तिची कणसे खपत नसत. आधी मला वाटले, एखाद्या अनुदानाची गोष्ट चालली असेल. मग कळले की राज्याचे अख्खे पोट त्या एका रकमेवर आहे.

त्याचे यंत्र असे चालते. तेलाचे उत्पन्न, सीमाशुल्क, कंपन्यांवरचा कर असा मोठा पैसा 'फेडरेशन अकाउंट' नावाच्या एकाच खात्यात जमा होतो. दर महिन्याला एक वाटप समिती बसते. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला 'फॅक' म्हणतात. छत्तीस राज्यांचे वित्त कमिशनर, म्हणजे आपल्या भाषेत वित्तमंत्री, आणि त्यांचे अकाउंटंट जनरल तिथे हजर असतात. तेलाच्या उत्पन्नातले १३ टक्के तेल निघणाऱ्या राज्यांसाठी आधी बाजूला काढतात. उरलेल्यातले ५२.६८ टक्के केंद्राला, २६.७२ टक्के राज्यांना आणि २०.६० टक्के ७७४ स्थानिक सरकारांना जातात. राज्यांनी आपला वाटा आपसात कसा वाटायचा, हे सूत्र त्याहून बोलके आहे. ४० टक्के सर्वांना समसमान, ३० टक्के लोकसंख्येवर, आणि बाकीचे १०-१० टक्के भूभागावर, सामाजिक विकासावर व स्वतः महसूल गोळा करण्याच्या प्रयत्नावर.

त्या ४० टक्क्यांवर बोट ठेवा. ते मिळवायला राज्याने काहीही करावे लागत नाही, फक्त राज्य असावे लागते. आपल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) सूत्रात लोकसंख्या होती, क्षेत्रफळ होते, जंगल होते, दरडोई उत्पन्नातले अंतर होते. 'राज्य आहे म्हणून सर्वांना सारखे' हा निकष नव्हता. महाराष्ट्राला त्या सूत्रात ६.३१७ टक्के मिळाले आणि बिहारला १० टक्क्यांहून जास्त. असा फरक आधीच्या आयोगांच्या वेळीही होता आणि त्याबद्दल मंत्रालयात कुरकुर ऐकतच मी निवृत्त झालो. पण महाराष्ट्राचा स्वतःचा करमहसूल एवढा आहे की दिल्लीचा वाटा महिनाभर लांबला तर फायली रखडतील, पगार थांबणार नाहीत. नायजेरियात लागोस आणि आणखी बोटांवर मोजण्याइतकी राज्ये सोडली तर हे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. २०१५ साली तेलाचे भाव कोसळले तेव्हा दोन डझनांहून जास्त राज्यांचे पगार थकले आणि केंद्राला बेलआउट द्यावे लागले. आमच्या इमारतीतली लिफ्ट त्या वर्षी बंद पडली ती मी भारतात परत येईपर्यंत बंदच होती.

म्हणून माझे उत्तर एका वाक्यात असे. अडीचशेहून जास्त जमाती आणि पाचशेच्या वर भाषा हे नायजेरियाचे मूळ दुखणे नव्हे. तिथली राज्ये कमावण्यासाठी जन्मली नाहीत, वाटा घेण्यासाठी जन्मली, आणि जमातींची सगळी भांडणे त्या वाट्याच्या रांगेत येऊन उभी राहिली.

हे नेहमी असे नव्हते, म्हणून थोडे मागे जावे लागेल. १ जानेवारी १९१४ रोजी ब्रिटिश प्रशासक लॉर्ड लुगार्ड यांनी उत्तर आणि दक्षिण हे दोन संरक्षित प्रदेश एकत्र केले. हेतू राष्ट्रबांधणीचा नव्हता. उत्तरेचा जमाखर्च जुळत नव्हता, दक्षिणेत बंदरांवरच्या जकातीचे पैसे होते, आणि इंग्रजांच्या तिजोरीला उत्तरेचा भार नको होता. म्हणजे या देशाची पत्रिका मांडली तीच मुळी हिशेबाच्या कागदावर. एकत्र करूनही कारभार वेगळा ठेवला. उत्तरेत अमीर, म्हणजे तिथले मुस्लिम राजे, आणि त्यांची जुनी यंत्रणा तशीच राहिली, ख्रिस्ती मिशनऱ्यांना तिथे फारसे फिरकू दिले नाही; त्यामुळे इंग्रजी शाळा दक्षिणेत पसरल्या आणि उत्तरेत रोडावल्या. पुढे कारकुनाच्या खुर्चीवर कोण बसणार, हे तिथेच ठरले.

१९५४च्या घटनेने तीन प्रदेशांचे संघराज्य झाले. उत्तरेत हौसा-फुलानी, पश्चिमेत योरुबा, पूर्वेत इग्बो या जमाती मोठ्या. पश्चिमेकडे कोको, पूर्वेकडे पामतेल, उत्तरेकडे भुईमूग आणि कथील. खाणींच्या उत्पन्नातला अर्धा हिस्सा ज्या प्रदेशात खाण आहे त्याला मिळे. स्वशासनसुद्धा ज्याने त्याने आपापल्या वेळी घेतले, पश्चिम आणि पूर्व १९५७ला, उत्तर १९५९ला. पश्चिम प्रदेशात तिथले नेते ओबाफेमी आवोलोवो यांनी १९५५ पासून प्राथमिक शिक्षण मोफत केले ते कोकोच्या पैशावर. आजही योरुबा माणूस 'रीजन' हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे त्या शाळा असतात. जुन्या पिढीतले आपले लोक सहकारी साखर कारखान्यांच्या सुरुवातीच्या काळाबद्दल बोलतात ना, साधारण तोच सूर.

पण या रचनेत एक खोट होती आणि ती जीवघेणी ठरली. तीन भागीदारांपैकी एकट्या उत्तरेकडच्या प्रदेशाकडे देशाची सुमारे तीन-चतुर्थांश जमीन आणि निम्म्याहून जास्त माणसे होती. १९५९च्या निवडणुकीत ३१२ पैकी १७४ जागा उत्तरेच्या. त्यांचे नेते अहमदू बेलो स्वतः दिल्लीसारख्या केंद्रात गेलेसुद्धा नाहीत. 'सोकोटोचे सरदौना' ही सरदारकीची पदवी मिरवणाऱ्या बेलोंनी उत्तरेचे 'प्रीमियर'पद, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्रिपद, आपल्याकडे ठेवले आणि केंद्रात पंतप्रधान म्हणून सहकारी अबुबकर तफावा बलेवा यांना पाठवले. कोणती खुर्ची जड, हे त्यावरून ओळखा.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. आपल्याकडे १९५५च्या राज्य पुनर्रचना आयोगात सरदार पणिक्करांनी भिन्नमत नोंदवले होते की उत्तर प्रदेश फोडा, एवढे मोठे राज्य संघराज्याच्या तोलाला धोक्याचे आहे. तेव्हाचा उत्तर प्रदेश म्हणजे भारताच्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा. पणिक्करांना ज्याची भीती वाटली ते दुखणे नायजेरियात तिप्पट मोठे होते. भारताचे नशीब असे की सर्वांत मोठ्या भाषेला एकच एक राज्य कधी मिळाले नाही. हिंदी बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश अशी विभागून राहिली. तमिळ, मराठी, तेलुगू, बंगाली ही राज्ये एकमेकांच्या जवळपास मापाची. नायजेरियाने निव्वळ भाषेच्या निकषावर राज्ये केली असती तर तीन हत्ती आणि शेकडो शेळ्या असा कळप झाला असता. म्हणून, नाही, भाषावार रचनेने ते सुटले नसते. 'आम्ही केले, त्यांनी का नाही केले' असे उत्तरपत्रिकेत कृपया लिहू नका.

मधल्या शेळ्यांची भीती खरी होती. इजॉ, इबिबियो, एफिक, तीव, ओगोनी अशा लोकांनी स्वातंत्र्याआधीच स्वतंत्र राज्ये मागितली. त्यांच्यासाठी १९५७ साली विलिंक आयोग नेमला. भीती निराधार नाही असे आयोगाने मान्य केले, आणि तरी नवी राज्ये नकोत असे सांगून मूलभूत हक्कांच्या तरतुदीवर समाधान मानायला लावले. १९६३ला पश्चिमेतून मिड-वेस्ट हा चौथा प्रदेश निघाला. भांडण उत्तरेच्या आकाराचे आणि फोडला पश्चिम, यातच काय ते कळते.

१५ जानेवारी १९६६च्या लष्करी उठावात बलेवा आणि बेलो दोघेही मारले गेले. सत्ता जनरल आयरॉन्सी यांच्याकडे आली. ते इग्बो. मे महिन्यात त्यांनी ३४ क्रमांकाचा हुकूम काढून प्रदेशच रद्द केले आणि देश एककेंद्री केला. पुस्तकांत या हुकुमाबद्दल 'संघराज्य संपवले' एवढे असते. सरकारी नोकराच्या नजरेला त्यातले दुसरे कलम आधी दिसते: प्रादेशिक नोकरशाह्या एकत्र केल्या होत्या. म्हणजे सेवाज्येष्ठतेची एकच यादी! शिक्षणात वीस-तीस वर्षे मागे पडलेल्या उत्तरेच्या कारकुनाला आणि मामलेदाराला लगेच कळले की उद्या आपल्या गावच्या कचेरीत आपला साहेब दक्षिणेचा असणार. काही दिवसांत उत्तरेत इग्बोंवर हल्ले सुरू झाले. जुलैत प्रतिउठाव, आयरॉन्सींचा खून, सत्तेवर याकुबू गोवोन. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा कत्तली, आणि लाखो इग्बो उत्तर सोडून पूर्वेकडे पळाले. ज्येष्ठतायादीवरून माणसे काय करू शकतात हे मी माझ्या खात्यात लहान मापावर पाहिले आहे, म्हणून मला हे नवल वाटत नाही.

२७ मे १९६७ रोजी गोवोन यांनी चार प्रदेशांची १२ राज्ये केली. तीन दिवसांनी पूर्वेचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी बियाफ्रा या स्वतंत्र देशाची घोषणा केली. या दोन तारखा जवळजवळ ठेवून वाचा. बारा राज्यांमुळे उत्तर सहा तुकड्यांत फुटला, हे एक. दुसरे असे की पूर्वेतल्या बिगर-इग्बो अल्पसंख्यांना रिव्हर्स आणि साउथ-ईस्टर्न अशी स्वतःची राज्ये मिळाली, आणि पूर्वेचे बरेचसे तेल त्यांच्याच जमिनीत होते. म्हणजे फुटू पाहणाऱ्या पूर्वेच्या पायाखालची सतरंजी आधीच ओढून घेतली होती. युद्ध जानेवारी १९७० पर्यंत चालले. दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत माणसे मेल्याचे अंदाज आहेत, आणि त्यातली बहुतेक उपासमारीने गेली. माझ्या खात्यातला एक वृद्ध लेखापाल त्या वर्षांत लहान मूल होता. तो जेवणाच्या सुट्टीत ताटलीत शीत उरू देत नसे. मी कारण विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

बारा राज्ये करणे योग्यच होते असे माझे मत आहे. पण औषध लागू पडले म्हणून बाटली तोंडाला लावावी तसे पुढे झाले. १९७६ला १९ राज्ये, १९८७ला २१, १९९१ला ३०, १९९६ला ३६. सगळी लष्करी राजवटींनी हुकुमाने केली. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी गोळ्या झेलल्या, तेलंगणासाठी पिढ्या झगडल्या; तिथेही मागण्या होत्याच, पण मागणी मंजूर होण्यामागे हिशेब असा की राज्याचे दोन तुकडे केले की त्या ४० टक्क्यांतला वाटा जवळजवळ दुप्पट होतो. वर नवी राजधानी, नवे सेक्रेटरिएट, नवा गव्हर्नर. (तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो थेट निवडून येतो आणि मुख्यमंत्र्याहून ताकदवान असतो.) सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला तीन जागा, तेही मिळतात. विहीर तीच, मोटा छत्तीस. एकेक मोट लहान होत गेली आणि विहिरीचा मालक, म्हणजे केंद्र, अजस्र होत गेले. जे प्रदेश १९६०मध्ये केंद्राला डोळे दाखवत होते त्यांच्या जागी महिन्याच्या शेवटी वाटप समितीकडे डोळे लावणारी राज्ये आली.

या वाटणीने कोण नाराज? दक्षिण-पूर्व, म्हणजे इग्बो पट्टा, पाचच राज्ये. बाकीच्या विभागांना सहा-सहा आणि उत्तर-पश्चिमेला सात. सिनेटमध्ये इग्बो पट्ट्याचे १५, बाकीच्यांचे १८ आणि उत्तर-पश्चिमेचे २१. या कमी मिळालेल्या राज्याला तिथे युद्धाची शिक्षा समजतात. १९९९च्या घटनेत नवे राज्य करण्याची प्रक्रिया इतकी अवघड ठेवली आहे (स्थानिक सार्वमतात दोन-तृतीयांश, बहुसंख्य राज्यांच्या विधानसभांची संमती, केंद्रीय कायदेमंडळात दोन-तृतीयांश) की तेव्हापासून एकही झाले नाही. २०१४च्या राष्ट्रीय परिषदेने आणखी १८ राज्ये सुचवली होती. आमच्या कार्यालयात ती बातमी वाचून एका सहकाऱ्याने शांतपणे विचारले, "पगार कोण देणार?"

आता तेल. १९५६ साली आजच्या बायेल्सा राज्यातल्या ओलोइबिरी गावात ते सापडले, आणि १९५८ला पहिली निर्यात झाली. कोको आणि भुईमुगाच्या काळात उगमस्थानाचा हिस्सा ५० टक्के होता. तेल दक्षिणेच्या अल्पसंख्यांच्या दलदलीत निघाले, तेव्हा लष्करी सरकारांनी तो उतरवत उतरवत नाममात्र केला. १९६९च्या पेट्रोलियम हुकुमाने तेल केंद्राचे झाले, १९७८च्या भूमी कायद्याने जमिनीचा ताबा गव्हर्नरकडे गेला. जमिनीखालचे केंद्राचे, वरचे गव्हर्नरचे, आणि नदीवर तेलाचा तवंग आला की मासेमारांचे नशीब. लेखक केन सारो-विवा यांनी ओगोनींचा हा प्रश्न जगापुढे नेला. १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने त्यांना आठ साथीदारांसह फाशी दिली. १९९९च्या घटनेत 'किमान १३ टक्के' आले. त्यावरही वाद झालाच: समुद्रातल्या तेलविहिरी कोणाच्या? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने किनारी राज्यांच्या विरोधात निकाल दिला, आणि २००४मध्ये राजकीय तडजोडीचा कायदा करून दोनशे मीटर खोलीपर्यंतचे तेल त्यांच्या खाती धरायचे ठरले. समुद्राच्या खोलीवर राज्यांचा हिस्सा ठरणारा कायदा मी दुसरीकडे पाहिला नाही.

डोकी मोजण्याची गोष्ट ऐका, म्हणजे आकड्यांवर माणसे का भांडतात ते कळेल. वाटा लोकसंख्येवर, म्हणून जनगणना म्हणजे अर्थसंकल्पच. १९६२ची गणना रद्द झाली, १९६३ची भांडणात स्वीकारली गेली, १९७३ची फेटाळली. २००६मध्ये कानोची लोकसंख्या ९४ लाख आणि लागोसची सुमारे ९० लाख निघाली. लागोस सरकारने स्वतः मोजून १ कोटी ७५ लाख सांगितली. त्यानंतर आजवर गणना झालेली नाही. २०२३ची पुढे ढकलली. स्थानिक सरकारांचेही तेच. त्यांची संख्या घटनेत कोरलेली: कानोची ४४, लागोसची २०, आणि कानोतूनच १९९१ला वेगळ्या झालेल्या जिगावाची आणखी २७. जिथे पहिले तेल सापडले त्या बायेल्साची ८. प्रत्येक स्थानिक सरकार म्हणजे वाटप समितीतला एक हिस्सा. लागोसचे गव्हर्नर असताना बोला टिनुबू यांनी ३७ नवी स्थानिक सरकारे काढली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांनी राज्याच्या स्थानिक सरकारांचा पैसाच अडवला. ते प्रकरण २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. तेच टिनुबू आज राष्ट्राध्यक्ष आहेत, आणि मार्च २०२५मध्ये त्यांनी रिव्हर्स राज्यात आणीबाणी लावून निवडून आलेल्या गव्हर्नरला सहा महिने निलंबित केले. आपल्याकडे १९९४च्या बोम्मई निकालाने कलम ३५६ला, म्हणजे राष्ट्रपती राजवटीला, लगाम घातला. तिथे असा बोम्मई अजून व्हायचा आहे.

आकड्यांवरूनच एक गंमत. १९७९च्या घटनेने चांगली अट घातली की राष्ट्राध्यक्षाला दोन-तृतीयांश राज्यांत किमान २५ टक्के मते हवीत, म्हणजे एका जमातीच्या जोरावर कोणी निवडून येऊ नये. राज्ये होती १९. एकोणिसाचे दोन-तृतीयांश म्हणजे १२ पूर्णांक २/३. उमेदवार शेहू शगारी यांना बारा राज्यांत २५ टक्के होती, तेराव्यात, म्हणजे कानोत, सुमारे २०. मग दोन-तृतीयांश राज्य म्हणजे काय, यावर वकिलांनी रान उठवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने शगारींच्या बाजूने कौल दिला. पण अट अजून टिकून आहे आणि ती माझ्या मते त्या घटनेतली सर्वांत शहाणी ओळ आहे. देशभर फिरल्याशिवाय तिथे राष्ट्राध्यक्ष होता येत नाही.

पोलिसांबद्दल थोडक्यात. घटनेप्रमाणे देशात एकच पोलीस दल, तेही केंद्राचे. गव्हर्नर स्वतःला राज्याचा 'चीफ सिक्युरिटी ऑफिसर' म्हणवतो, पण पोलीस कमिशनर राजधानी अबुजाचा हुकूम पाळतो. उत्तर-पूर्वेत बोको हराम, मध्य पट्ट्यात गुराखी आणि शेतकऱ्यांच्या लढाया, आणि गव्हर्नरच्या हाताशी एक हवालदारसुद्धा नाही. म्हणून २०२० साली नैर्ऋत्येच्या राज्यांनी 'अमोटेकुन' नावाचे पहारेकऱ्यांचे दल काढले. राज्य पोलिसांना विरोध करणारे म्हणतात की गव्हर्नर ते विरोधकांवर सोडतील. आपल्याकडचा अनुभव पाहता ही शंका अगदीच फोल म्हणवत नाही.

विक्रीवरच्या व्हॅटचे भांडण मात्र ताजे आहे. २०२१मध्ये रिव्हर्स राज्य तो कर आपणच वसूल करणार म्हणून न्यायालयात भांडत होते. गव्हर्नर विके यांचा सवाल चावरा होता: उत्तरेत शरीयत लागू असलेल्या राज्यांत बीअरच्या बाटल्या फोडतात, आणि दक्षिणेत विकलेल्या बीअरवरच्या व्हॅटचा वाटा मात्र घेतात, हे कसे? (१९९९-२००० पासून उत्तरेच्या १२ राज्यांनी शरीयतचा फौजदारी कायदा लावला. त्या वादात कादुनात २००० साली मोठी दंगल झाली.) २०२५च्या कर कायद्यांनी व्हॅटमधला केंद्राचा हिस्सा १५ वरून १० टक्क्यांवर आणला आणि राज्यांच्या वाट्यात 'वस्तू जिथे खपली तिथे' या निकषाला ३० टक्के वजन दिले. त्यावर उत्तरेच्या गव्हर्नरांनी आधी किती आकांडतांडव केले! एका टक्केवारीवर देशाची मोडतोड व्हायची वेळ येते, कारण दुसरे उत्पन्नच नाही.

काही सैल झाले आहे हे खरे. २०२३च्या दुरुस्त्यांनी राज्यांना रेल्वे, वीजनिर्मिती आणि वितरण, तुरुंग या विषयांत हात घालता येऊ लागला. ११ जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थानिक सरकारांचा पैसा गव्हर्नरने आपल्या खात्यात दाबून ठेवायचा नाही. केंद्राविरुद्ध स्वायत्ततेच्या शपथा घेणारे गव्हर्नर आपल्या खालच्या सरकारांचे पैसे कसे वागवत होते, हे मी रोज व्हाउचरवर पाहिले आहे. त्यामुळे निकाल वाचून आनंद झाला. अंमल किती होतो ते वेगळे.

मग 'खरे संघराज्य द्या' ही ओरड का थांबत नाही? कारण ती एक ओरड नाही. नायजर नदीच्या डेल्टातला, म्हणजे तेलाच्या पट्ट्यातला, माणूस ते शब्द वापरतो तेव्हा त्याला आपले तेल हवे असते. योरुबाला जुना रीजन परत हवा असतो. इग्बोला सहावे राज्य आणि युद्धाचा डाग पुसलेला हवा असतो. मध्य पट्ट्यातल्याला हौसांच्या सावलीबाहेर यायचे असते. उत्तरेचा माणूस हे शब्द ऐकून सूत्र बदलू नका म्हणतो, कारण त्याच्या राज्यात वाटप समितीच्या रकमेशिवाय फारसे काही नाही. यातले कोणतेही दोन जण खोलीत बसवले तर संध्याकाळी त्यांचे एकमत 'पुनर्रचना हवी' एवढ्यावरच होईल.

या सगळ्या मागण्यांत माझ्या ड्रायव्हरचा प्रश्न कुठेच नव्हता. तो मला 'ओगा', म्हणजे साहेब, म्हणे आणि मी त्याला. त्याचा बाप ओसुन राज्यातला योरुबा, रेल्वेच्या नोकरीत कादुनाला आलेला. हा कादुनात जन्मला, तिथेच वाढला, हौसा आईच्या दुधासारखी बोले. पण तो कादुनाचा 'इंडिजिन' नव्हता. घटनेत एखाद्या राज्याचे 'असणे' म्हणजे आईबाप किंवा आजीआजोबांपैकी कोणीतरी तिथल्या मूळ समाजाचे असणे. प्रत्येक राज्यातून किमान एक केंद्रीय मंत्री घ्यायचा तो इंडिजिन, केंद्राच्या नोकऱ्यांत राज्यवार तोल साधायचा तोही इंडिजिन पाहून. हेतू चांगला, नाव 'फेडरल कॅरॅक्टर'. त्यासाठी स्थानिक सरकारचा दाखला लागतो, आणि त्या दाखल्यावर नोकरी, शिष्यवृत्ती, फीचा दर ठरतो. जोस शहरात कोण मूळचा आणि कोण उपरा यावरून १९९४, २००१, २००८, २०१० अशा दंगली झाल्या. आपल्याकडे भूमिपुत्रांचे राजकारण कमी नाही, पण पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवले की महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला मिळतो. तिथे पणजोबांपासून राहिलात तरी उपरेच.

त्याच्या मुलीला केंद्राच्या युनिटी स्कूलमध्ये घालायचे होते. देशभरची मुले एकत्र शिकावीत म्हणून काढलेल्या या शाळा. प्रवेशाची किमान गुणरेषा मात्र राज्याप्रमाणे वेगळी: २०१३च्या यादीत अनाम्ब्राच्या मुलांना १३९ गुण लागत होते, झाम्फाराच्या मुलांना ४. अर्जात 'स्टेट ऑफ ओरिजिन' असा रकाना होता. मुलगी अबुजात जन्मलेली, आई बेनुएची, बाप कादुनात वाढलेला. माझ्या टेबलावर बसून त्याने तिथे 'ओसुन' लिहिले, आणि दाखला आणायला दोन दिवसांची रजा मागितली. मुलगी ओसुनला तोवर एकदाच गेली होती, आजोबांना मातीआड करायला.